डाव्या गालातली चव

देवरावनं भट्टीत बादलीभर पाणी ओतलं तेव्हा शनिवारचे चार वाजले होते आणि कढईतला तंबाखूचा चुरा अर्धाच भाजून झाला होता. चर्रकन आवाज झाला, धुराचा लोट उठला आणि इंदोऱ्याच्या त्या गल्लीत शेजारच्या दोन-चार घरांत लोक खोकू लागले. शालिकराम हातात उलथणं घेऊन नुसता उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, पण धाकट्या भावानं आपल्या भट्टीत पाणी ओतलं हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

"देवा, पागल झाला का गा?"

"झालो असन. पण आता हे बंद, दादा. आजपासून बंद."

"कोणाले इचारून?"

बायजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. दोघंही तिच्याच पोटचे. एकाच्या हाताला कायमची काजळी, दुसऱ्याच्या अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट. तिच्या हातात चवीची पितळी वाटी होती, ती तिनं गुपचूप पदराखाली घेतली.

ही वाटी म्हणजे गजभियांच्या घरातली मोठी चीज. बायजाबाईचा नवरा रुपराव बिडीच्या कारखान्यात होता तेव्हा जमिनीवर सांडलेला तंबाखूचा चुरा तो घरी आणायचा, तव्यावर काळाकुट्ट भाजायचा, त्यात बाभळीचा कोळसा, गेरू, कापूर, लवंग कुटून घालायचा आणि वस्तीत कोणाची दाढ दुखली की चिमूटभर द्यायचा. दुखणं थांबायचं! मग लोक सकाळी लावू लागले, मग सकाळ-संध्याकाळ, मग बायांना जेवण झालं की त्यावाचून चैन पडेना. रुपरावानं कारखाना सोडला आणि काळं मंजन काढलं. डबीच्या झाकणावर काळ्या टोपीतला त्याचाच फोटो. इतवारीच्या किराणा दुकानांतून आणि वाडीच्या ट्रकांतून तो फोटो भंडाऱ्याला गेला, चांद्याला गेला. प्रत्येक घाणा उतरला की त्यातली चिमूट या वाटीतून बायजाबाईकडं यायची. ती चिमूट डाव्या गालात धरायची, डोळे मिटायची आणि झिणझिण्या आल्या की मान हलवायची. मान हलली तर डब्या भरायच्या, नाही हलली तर अख्खा घाणा नालीत. "जे माह्या बायकोच्या तोंडात जात नाही ते मी लोकायच्या तोंडात घालत नाही," असं रुपराव छाती ठोकून सांगायचा, आणि ते खरंच होतं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी एक्याऐंशी सालच्या या फेब्रुवारीपर्यंत घाण्यामागं वाटी आत जायची राहिली नव्हती.

याच मंजनावर देवराव डेंटल कॉलेजात शिकला. शालिकरामनं आठवीतून शाळा सोडली, भट्टीवर बसला आणि भावाला डॉक्टर केलं. सहा वर्षांपूर्वी घराच्या पुढच्या खोलीत दाताचा दवाखाना निघाला, मागच्या अंगणात भट्टी होतीच. दात काढून घेतलेला माणूस जाता जाता शालिकरामच्या फळीवरची डबी घेऊन जायचा. डॉक्टरच्याच घरचं मंजन म्हटल्यावर कोण शंका घेणार?

आणि बायजाबाईच्या त्याच डाव्या गालात, मागच्या दाढेपाशी, दसऱ्यापासून काहीतरी झालं होतं. दीक्षाभूमीवर झुणका-भाकर खाताना पहिल्यांदा झोंबलं. मग तिथं जिभेला खरखरीत लागू लागलं. आता तिखटाचा कण गेला तरी डोळ्यांत टचकन पाणी यायचं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आईनं लेकापुढं तोंड वासायचं कसं, ही एक लाज. आणि वासलं तर पुढं या घराचं काय होईल, हे तिला न शिकताही कळत होतं.

*

तासाभरात मधल्या खोलीत सगळे जमले. रुपरावाचा धाकटा भाऊ नत्थू, जो आजवर खोकी वाडीच्या ट्रान्सपोर्टवर पोचवत आला होता, तो सायकल भिंतीला टेकवून घाईघाईनं आत आला आणि आल्या आल्याच त्यानं सुरुवात केली.

"देवा, तू शिकला, चांगली गोष्ट आहे बापा. पण शिकला कशावर?"

"मंजनावर, काका. म्हणून तर सहा वर्षं गप बसलो. मनाले म्हणत राहिलो, भाजलेला तंबाखू आहे, एवढासा आहे, काय होते! समोर लोकायच्या तोंडात पाहून राहिलो अन् मागं डब्या भरून राहिल्या. माह्याएवढा दोषी कोणीच नाही."

"मंग आजच काय झालं?"

देवराव खाली बसला. या हिवाळ्यात त्यानं वस्तीतल्या प्रत्येक घरचे दात फुकटात तपासायचं ठरवलं होतं. चार रविवार तो घरोघर फिरला होता, लेकरांना ब्रश वाटत, म्हाताऱ्यांच्या हलत्या दाढा पाहत. उरलेल्या घरांची तपासणी उद्या बुद्धविहारात होती.

"बेचाळीस बाया पाह्यल्या," तो म्हणाला. "चौदा जणींच्या गालात, हिरडीवर पांढरे चट्टे. काय लावता म्हणलं, तर सगळ्या एकच डबी आणून दाखवतात. बाचा फोटो असलेली. अन् कांतामावशीच्या गालात जखम आहे. कडा टणक झाल्या तिच्या. तिले सोमवारी मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तुकडा काढून तपासाचा, कॅन्सर तर नाही म्हणून. उद्या विहारात मी सगळ्यायले सांगणार आहे, हे मंजन फेका म्हणून."

कांताबाईचं नाव ऐकून बायजाबाईनं मान वर केली. दोघी एकाच साली नव्या नवऱ्या होऊन या वस्तीत आलेल्या, एकाच पाटीवर बिड्या वळलेल्या.

"नाव घेऊन सांगशीन?" शालिकरामनं विचारलं. "बाचं नाव घेऊन?"

"नाव नाही घेतलं तर कोणाले समजन, दादा?"

"वा रे वा! ज्यानं तुले खुर्चीवर बसवलं त्याच्याच नावावर थुंकशीन. मी शाळा सोडली ती याच्यासाठी?" शालिकराम रागावला होता खरा, पण रागापेक्षा त्याला लागलं जास्त होतं.

तेवढ्यात देवरावची बायको चारुशीला बोलली. ती शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची, आणि ती नवऱ्याची बाजू घेईल असंच सगळ्यांना वाटत होतं.

"भाऊजींचं मला पटतंय. तुम्ही उद्या मंजन वाईट म्हणाल, परवा लोक म्हणतील, हा डॉक्टरच सहा वर्षं विकत होता. दवाखान्यात मग येणार कोण? हळूहळू बंद करा. वर्षभरात करा. एवढी आग लावायची गरज काय?"

नत्थूकाकांनी मांडीवर थाप मारली. "पाह्य! तुही बायको तुह्यापेक्षा शहाणी आहे."

देवराव बायकोकडं वळला. मग हळूच म्हणाला, "चारू, मागच्या रविवारी एका बाईनं आठ महिन्याच्या लेकराच्या हिरडीले लावलं होतं. दात येऊन राहिले म्हणून. लेकरू गुंगून पडलं होतं अन् ती म्हणे, पहा डॉक्टर, कसं शांत झोपलं."

कोपऱ्यात चारुशीलेची दीड वर्षाची पोर पाटीशी खेळत होती. तिचेही दात याच घरात आले होते आणि तेव्हा आजीनं काय लावलं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. चारुशीला भाऊजींच्या शेजारून उठली, तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि ती देवरावच्या मागं जाऊन उभी राहिली.

"हे पुस्तकातलं आहे सगळं," शालिकराम म्हणाला. "खाऱ्या सुपारीनं होते, पानानं होते, बिडीनं होते. आपल्याच मंजनानं झालं कशावरून? सगळ्यात जास्त कोणाच्या तोंडात गेलं हे मंजन? मायच्या. एकतीस वर्षं! मायले काही झालं का?"

सगळ्यांचे डोळे बायजाबाईकडं वळले.

"वहिनी, तुम्हीच सांगा," नत्थूकाका म्हणाले. "तुम्ही म्हणान ते खरं."

बायजाबाईनं आधी देवरावकडं पाहिलं. मग शालिकरामकडं. त्याच्या बोटांवरची काजळी साबणानं घासूनही जात नसे. चौदा वर्षांचा होता तेव्हापासून तो भट्टीपुढं बसला होता. एका शब्दाची देर होती, आणि त्याचा अख्खा जन्म वाया गेला असं ठरलं असतं. रुपरावही गुन्हेगार ठरला असता. नवरा भांडखोर होता, तापट होता, पण लबाड नव्हता हो! वरच्या फळीवरून झाकणांवरचे शंभर रुपराव तिच्याकडं बघत होते.

"मले काही नाही झालं," ती म्हणाली.

"आयकलं?" शालिकराम उठून उभाच राहिला. "आयकलं का, देवा?"

देवरावनं आईच्या तोंडाकडं, तिच्या मिटलेल्या ओठांकडं पाहिलं. मग उठून पुढच्या खोलीत निघून गेला.

*

संध्याकाळी शामला चुलीपुढं बसली होती. थोरली सून, तीस वर्षांची, घरात सगळ्यांत कमी बोलणारी. तिनं वरणाला फोडणी द्यायच्या आधी एक वाटी वरण बाजूला काढलं आणि सासूपुढं सरकवलं. हे ती गेले तीन महिने रोज करत होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

"बाई, खोटं काहून बोलल्या?"

बायजाबाईनं वरणाची वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"तुले काय माहीत वं?"

"मले नाही तर कोणाले माहीत असन? तुमचं वरण कोण काढते? रात्री झोपेत गाल धरून कण्हता, ते कोण आयकते?" शामलानं विस्तवात फुंकर घातली. "अन् दिवाळीपासून वाटी माह्याकडं कोणी देल्ली? तू घे वं चव, मले आता समजत नाही, असं म्हणल्या होत्या न तुम्ही?"

म्हटलं होतं. तेव्हा बायजाबाईला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. तोंड पोळलंय, सून हाताशी आहे, काही दिवस तिला घेऊ दे, एवढंच. शालिकराम वाटी आत पाठवायचा, आतून होकार यायचा. होकार कोणाचा, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"तुह्याही तोंडात काही..." बायजाबाईला पुढं विचारवेना.

शामलानं डाव्या गालावर बोट ठेवलं. "जराशी जळजळ होते. जास्त नाही."

"मंग तू काहून नाही बोलली? मघा सगळे होते."

"तुम्ही मोठ्या. तुम्ही नाही म्हणल्यावर मी काय बोलू?"

तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, तेच बायजाबाईला जास्त लागलं. त्या रात्री तिला वरण गिळवलं नाही.

*

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली. सतरंज्यांवर बाया बसल्या, लेकरं मांडीवर, म्हातारे भिंतीला टेकून. पुढं दवाखान्यातली लाकडी खुर्ची आणि स्टुलावर बॅटरी, आरसे, उकळलेल्या पाण्याचं पातेलं. देवरावनं लेकरांचे दात पाहिले, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं, रात्री गूळ-बिस्किटं खाऊन तसंच झोपू नका म्हणून दटावलं. बाया हसल्या. मग तो उभा राहिला आणि मंजनाचं बोलला. बाचं नाव घेऊन बोलला. स्वतःचं सहा वर्षांचं गप्प बसणंही त्यानं लपवलं नाही. मागं बसलेल्या आईकडं मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात दारातून शालिकराम पुढं आला. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस.

"जयभीम. माहा भाऊ शिकेल आहे, हुशार आहे. पण मी एकच सांगतो. माह्या मायनं एकतीस वर्षं हरेक घाणा पहिले आपल्या तोंडात धरला, मंगच तुमच्या घरी डबी आली. काल साऱ्या घरापुढं ती बोलली, मले काही नाही झालं. माय अठीच बसली आहे. इचारा तिले!"

माना वळल्या. बायजाबाई खाली सतरंजीकडं बघत राहिली.

पुढच्या रांगेत कांताबाई होती. देवरावनं दिलेली मेडिकलची चिठ्ठी तिच्या मुठीत होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मंग मी काहून जाऊ मेडिकलमध्ये?" ती म्हणाली. "बायजाले काही झालं नाही तर मले कशानं होते? चहानं पोळलं असन. चाल वं, मीराबाई."

तिनं चिठ्ठी स्टुलावर ठेवली आणि चपला शोधू लागली. शेजारी बसलेली मीराबाई उठली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. रांग मोडली. देवराव "मावशी, थांबा न, मावशी!" करत मागं गेला, पण कांताबाईनं हात झटकला. सुटल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता. बायजाबाईला तो उजळलेला चेहरा बघवेना. आपल्या एका खोट्यावर विश्वास ठेवून ही घरी जाऊन मरेल, हे तिला स्वच्छ दिसलं.

ती उठली. कोणाचा हात न धरता ती चालत गेली आणि खुर्चीत बसली.

"देवा, बॅटरी लाव."

"माय?"

"लाव म्हणतो न. कांते, जाऊ नोको. इकडं ये. पाह्य."

आणि लेकापुढं, साऱ्या वस्तीपुढं बायजाबाईनं तोंड उघडलं. उघडताना दुखलं. "अजून जरा, माय," देवराव म्हणाला, आणि तिनं आणखी उघडलं. बॅटरीचा उजेड आत गेला. त्यानं आरशानं गाल बाजूला केला, बोटानं कड चाचपली, पुन्हा चाचपली. त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं तेव्हा तिला उत्तर मिळालं.

"दादाले दाखव," ती म्हणाली.

शालिकराम जवळ आला. वाकला. भट्टीच्या धगीत पंचवीस-सव्वीस वर्षं कढईचा रंग ओळखणारे त्याचे डोळे. त्यानं पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला, भिंतीला लागून उभा राहिला.

बायजाबाईनं पदरानं ओठ टिपले. "खोटं बोलली मी काल. दसऱ्यापासून आहे हे. लेकरायच्या भांडणाले भिऊन बोलली, नवऱ्याच्या नावाले भिऊन बोलली. कांते, माह्या नवऱ्यानं कोणाले जाणूनबुजून वाईट नाही देल्लं. त्याले माहीत असतं तर त्यानं मले काहून चाखवलं असतं? त्याले माहीत नव्हतं. आता आपल्याले माहीत झालं. आता देल्लं तर ते आपलं पाप."

ती भिंतीकडं वळली.

"अन् शालिक," ती म्हणाली, "दिवाळीपासून मी चव घेत नाही. शामला घेते."

शालिकरामनं बायकोकडं पाहिलं. ती बायांच्या मागं उभी होती.

"तू काहून नाही सांगतलं वं?"

"तुम्ही वाटी पाठवत होते," शामला म्हणाली. "मी घेत होती."

शालिकराम भिंतीवरून घसरत खालीच बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून हमसून हमसून रडला. बाप गेला तेव्हाही त्याला कोणी असं रडताना पाहिलं नव्हतं. नत्थूकाका त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

बायजाबाई खुर्चीतून उतरली आणि हाताला धरून तिनं शामलाला बसवलं. देवरावनं बराच वेळ पाहिलं. "पातळ चट्टा आहे, वहिनी. आजपासून पूर्ण बंद केलं तर जायला पाह्यजे. दर महिन्याले मी पाहीन." मग त्यानं आवाज चढवून म्हटलं, "दादा, आयकलं का? जायला पाह्यजे." शालिकरामनं हातांतून तोंड न काढता मान हलवली.

कांताबाईनं चपला पुन्हा दाराशी काढल्या. स्टुलावरची चिठ्ठी उचलली आणि घडी घालून कमरेला खोचली.

"बायजा, उद्या रिक्षा किती वाजता सांगू?"

"आठले. तुह्याच घरून जाऊ."

*

सोमवारी सकाळी रिक्षा दाराशी आली तेव्हा शालिकराम अंगणात होता. ओल्या भट्टीच्या विटा त्यानं एकट्यानंच उकरून काढल्या होत्या. तसेच काळे हात घेऊन तो रिक्षापाशी आला. कांताबाई आधीच आत बसली होती.

"माय, झाकणं उरली आहेत. बाचे फोटो. काय करू?"

"एक ठेव, चौकटीत घाल. चेहरा चांगला होता त्याचा." बायजाबाई रिक्षात चढली आणि थांबली. पदराआडून तिनं पितळी वाटी काढून त्याच्या हातात दिली. "अन् ही घासून शामलाले दे. तिखट ठेवाले होईन. तिले म्हण, मी बरी होऊन परत आली की माह्याही वरणात तिखट टाकजो, सगळ्यायच्या संगच खाईन."

शालिकरामनं वाटी घेतली. रिक्षा चौकाकडं वळेपर्यंत तो रस्त्यात उभा होता. मग नळापाशी उकिडवा बसला आणि राखेनं ती वाटी घासू लागला.